कोहळा फुटता कामा नये

अंधेरी स्टेशनबाहेरचे भाजीवाले आमच्या साहेबांना लांबून बघूनच कोहळे पाटीखाली सारायचे. साहेब भावात घासाघीस करत नसत, तरी हे गिऱ्हाईक कुणाला नको असे. ते पाटीसमोर उकिडवे बसत, एकेक कोहळा दोन्ही हातांत तोलत आणि सालीत अंगठ्याचं नख रोवत. नख सहज आत गेलं तर कोहळा फार कोवळा, गेलंच नाही तर जून. जरा अडून मग गेलं, तर मनासारखा. त्यानंतर खिशातून लहान मुलाची एक निळी लोकरीची कानटोपी निघे. ती कोहळ्याला घालून बघायची, सैल झाली तर कोहळा बाजूला, घट्ट झाली तरी बाजूला. शेवटी एखादा पसंत पडला की साहेब तो टोपीसकट कडेवर घेऊन चालू लागत. मागं नखं उमटलेल्या कोहळ्यांचा ढीग आणि भाजीवाल्याच्या शिव्या. मी बरोबर असले की दोन पावलं मागं राहून, ह्या गृहस्थांचा आणि आपला काही संबंध नाही असा चेहरा करत असे.

या माणसाच्या हाताखाली मी ऐंशीच्या दशकातली बरीचशी वर्षं काढली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा होता. तिथं आधी खिडक्यांची ग्रिलं आणि दुकानांची शटरं बनत. पुढं मोटरवर आपोआप सरकणाऱ्या फाटकांनी साहेबांच्या डोक्यात घर केलं. तेव्हा मुंबईत असली फाटकं फारशी कुणी पाहिलेली नव्हती. एखादा बंगलेवाला परदेशात बघून यायचा आणि मला पण तसलंच हवं म्हणून हटून बसायचा. साहेब देवगडकडचे, डिप्लोमा केलेले, आणि आधी एका लिफ्टच्या कंपनीत नोकरीला होते. लिफ्टचं दार माणूस मध्ये आला की मागं हटतं, मग फाटकानं का हटू नये, या एका प्रश्नापायी त्यांनी ती बरी नोकरी सोडली होती.

मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नोकरी शोधत होते. बायकांना तेव्हा अशा कामाला घ्यायला लोक कां कूं करायचे. साहेबांनी माझं सर्टिफिकेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. लहानपणी चाळीच्या फाटकाला लटकून झोके घेतले होते का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, घेतले होते, आणि त्यावरून मारही खाल्ला होता. कुठं पाय ठेवायचीस, हात कुठं धरायचीस, फाटक बंद होताना बोटं कुठं असायची, हे त्यांनी इतकं खोदून विचारलं की मला वाटलं, माणूस पोलिसातून आलाय. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, उद्यापासून या. अशी नोकरी मला लागली.

फाटक ज्याच्या पैशाचं तो गाडीत बसलेला असतो, असं साहेब म्हणत. त्याची काळजी करायला त्याचा ड्रायव्हर आहे. फाटकाशी खरा संबंध येतो तो गाडीत नसलेल्यांचा. दूधवाला, कामवाली, पेपर टाकणारा, कुत्रं, आणि कुठल्याही फाटकाला लटकायला जन्मलेली पोरं. म्हणून ऑर्डर आली की ते आधी त्या घरासमोर स्टूल टाकून अख्खा दिवस बसत आणि जुन्या फाटकातून कोण कसं जातं ते बघत. एकदा घाटकोपरला एका शेटजींच्या बंगल्यासमोर असे बसलेले असताना शेजाऱ्यांनी त्यांना इन्कम टॅक्सचा माणूस समजून आत नेलं, बासुंदी खाऊ घातली आणि गोड बोलून वाटेला लावलं. साहेबांनी बासुंदी खाल्ली आणि पुन्हा येऊन स्टुलावर बसले.

माझ्या ड्रॉइंगमध्ये माणूस काढल्याशिवाय ते सही करत नसत. रूळ, चाकं, मोटर, चेन सगळं नीट मापात काढून मी कागद पुढं ठेवला की ते विचारत, यात कोण आहे? मग मला फाटकाच्या तोंडाशी कुणीतरी उभं करावं लागे. सुरुवातीला मी सूटबूटवाला साहेब काढला. तो त्यांनी नापसंत केला, कारण तो बघून चालणारा होता. न बघता चालणारं कोणीतरी हवं. तेव्हापासून मी एक पोरगी काढू लागले, दोन वेण्यांची, फाटकाच्या गजाला धरून लटकलेली. हात काळ्या शाईत सरावला तशी ती इतकी झटपट उतरू लागली की गाळ्यातले लोक मला विचारत, तुझी मुलगी आज कुठल्या गावाला चालली? ती कुणाची मुलगी नव्हती. चाळीच्या फाटकावरची मीच होते ती, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता कोहळ्याचं सांगते. साहेबांच्या फाटकाच्या पुढच्या कडेला जाड रबराची पोकळ पट्टी असे आणि तिच्या आत स्विच. पट्टी कशावर दाबली गेली की मोटर थांबायची आणि फाटक हातभर मागं जायचं. शिवाय मोटर आणि चेन यांच्यामध्ये क्लच असायचा, म्हणजे फाटक अडलं तर तो घसरायचा आणि मोटरचा जोर पुढं पोचायचा नाही. रुळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी ठोकळे, फाटक रूळ सोडून कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. हे सगळं जागेवर बसवून झालं की आमचा फिटर गौतम एका स्टुलावर टोपी घातलेला कोहळा ठेवायचा, बरोबर खांब आणि फाटक यांच्या मध्ये. साहेब बटण दाबत. फाटक येऊन कोहळ्याला टेकून मागं गेलं आणि सालीवर ओरखडासुद्धा नसला, तर फाटक पास. कोहळा फुटला, नुसता तडकला, तरी नापास, आणि सगळं परत खोलायचं.

अडचण अशी की कोहळा बघितला की लोकांना दुसरंच काही आठवे. आपल्याकडं नव्या वास्तूला दृष्ट लागू नये म्हणून कोहळा फोडायची रीत. त्यामुळं गौतमनं स्टूल मांडलं की घरातल्या बायका हळदकुंकू घेऊन बाहेर येत. गौतम बौद्ध, पूजेअर्चेच्या वाटेला न जाणारा. तो हात जोडून सांगे, ताई, ही पूजा नाही, टेस्टिंग आहे. तोवर कोहळ्याला कुंकू लागलेलं असे आणि एखादी गौतमच्याच पाया पडून मोकळी झालेली असे. आणि फाटक कोहळ्याला टेकून अदबीनं मागं गेलं की सगळ्यांचे चेहरे पडत. फुटला कसा नाही, अपशकुन तर नाही ना? साहेबांचा मात्र चेहरा अशा वेळी परीक्षेचा निकाल लागल्यासारखा उजळे.

न फुटलेला कोहळा माझ्या घरी यायचा, कारण साहेबांच्या घरी तो कुणाला आवडत नसे. आम्ही कांदिवलीला राहायचो. आई त्याच्या वड्या करायची, वेलची घालून, तुपाचा हात लावलेल्या ताटात थापून. त्यातल्या अर्ध्या दुसऱ्या दिवशी डब्यातून गाळ्यावर यायच्या. पिशवीत कोहळा असला की आई म्हणायची, पास झालं वाटतं. नसला की काही न बोलता वाटाणे निवडत बसायची.

टोपीबद्दल गाळ्यात एक कथा प्रचलित होती, मीही ती मनापासून खरी मानली होती. साहेबांचं लहान मूल कुठल्याशा फाटकाखाली गेलं आणि ही त्याची टोपी. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण माणूस उगाच एवढा वेडा होणार नाही, असं सगळ्यांचं मत. त्यांच्यापुढं आम्ही मुलांचा विषयसुद्धा काढत नसू. मग एका दसऱ्याला त्यांची बायको दोन मुलांना घेऊन गाळ्यावर पूजेला आली. दोन्ही मुलगे धट्टेकट्टे, गुबगुबीत. धाकट्यानं टेबलावरची टोपी उचलली आणि विचारलं, पप्पा, माझी टोपी अजून तुमच्याकडंच आहे? मला हसावं की रागवावं कळेना. ती मंडळी गेल्यावर मी धीर करून सांगितलं, साहेब, आम्हाला वाटत होतं तुमच्या घरात काहीतरी झालं असणार.

ते चिडले की मालवणीत जात. तेव्हा चिडले नव्हते, तरी गेले.

"कायतरी होवकच व्हया काय?" ते म्हणाले. "झाल्यावर शहाणा व्हायला डिप्लोमा कशाला लागतो?"

त्यांच्याबरोबर येणंजाणं म्हणजे शिक्षा असायची. आम्ही दोघंही कांदिवलीकडचे, त्यामुळं गोरेगावहून आरे कॉलनीतून मरोळला जाणारी बस पुष्कळदा एकच असे. आरेमध्ये एका तबेल्याला सरकतं फाटक होतं आणि त्याच्या रुळाला टोकाचा ठोकळा नव्हता. साहेबांनी ते खिडकीतून हेरलं. पुढं कित्येक दिवस ते तो विषय काढत, आणि एके सकाळी मधल्या स्टॉपला उतरूनच गेले. दुपारी गाळ्यावर आले ते बुटाला शेण, शर्टाला गंज. तबेल्यातल्या भैयानं ऐकून घेतलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच एक मोठा दगड ढकलत नेऊन रुळाच्या टोकाला बसवला होता. रोज बसमधून तो दगड दिसला की ते माझ्याकडं बघून मान हलवायचे, आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघायची. आज मला त्या दगडाचं कौतुक वाटतं. तेव्हा वाटायचं, या माणसाला कुणीतरी दुसरा छंद लावा.

मुलुंडचं काम आलं तेव्हा गाळ्यात सणासारखं वातावरण होतं. ट्रान्सपोर्टचा मोठा धंदा असलेले एक मालक, मूळचे साताऱ्याकडचे. डोंगराच्या अंगाला त्यांनी बंगला बांधला होता. बंगल्याचं फाटक जमलं तर भांडुपपर्यंतच्या त्यांच्या सगळ्या गोदामांची फाटकं आम्हालाच, असं त्यांनी तोंडानं सांगितलं होतं. साहेब स्टूल घेऊन दिवसभर बसून आले. त्या घरात त्यांना सगळ्यांत आवडली मालकांची आई. सगळे तिला आजी म्हणत. तिनं साहेबांना उन्हात बसलेलं बघून ताक पाठवलं होतं आणि काय बघतोस म्हणून विचारलं होतं. साहेबांनी सांगितलं, तुमच्या दारात कोण कोण येतं ते बघतो. आजी म्हणाली, मग बरुबर हाय, बस.

फाटक मोठं झालं, पण मापात. वजन, मोटर, चेन, रबर, सगळं एकमेकांशी जुळवून केलेलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आम्ही ते रिकामं चालवून बघितलं, लोण्यासारखं सरकलं. कोहळ्याची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या आधी ठेवली, कारण आजीला ती बघायची होती.

सकाळी गेलो तर फाटकावर दोन सिंह. ओतीव लोखंडाचे, आयाळ सोनेरी रंगवलेली, एकेक असा की उचलायला चार हमाल लागावेत. मालकांनी पाहुण्यांसाठी म्हणून आमच्या मागं ते फाटकावर बोल्टांनी आवळून घेतले होते. साहेब बघतच राहिले. फाटकाचं वजन बदललं, आता जुळवलेलं काही जुळणार नाही, हे त्यांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. मालक म्हणाले, अहो, दोन सिंहांनी काय होतंय? साहेब म्हणाले, बघू. गौतमनं स्टूल मांडलं, वर टोपी घातलेला कोहळा. भटजी, पाहुणे, बायका, सगळे कडेला उभे राहिले. आजीनं कोहळ्याला हळदकुंकू वाहिलं.

फाटक निघालं. रबराची पट्टी दबली, मोटर थांबली, क्लच घसरला. जे जे व्हायला हवं ते सगळं झालं. पण सिंहांचं वजन घेऊन आलेलं फाटक लगेच कुठलं थांबायला. ते थांबलं, पण कोहळा फोडून थांबलं. गर आणि बिया खांबावर उडाल्या.

बायकांनी हात जोडले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आजी समाधानानं म्हणाली, ग्येली दृष्ट. साहेबांनी चिखल झालेल्या गरातून ती टोपी शोधून काढली, पिळली, आणि आजीसमोर धरली.

"आजी, ही टोपी दोन वर्षांच्या पोराची आहे," ते म्हणाले. "माप बरोबर असावं म्हणून घालतो."

आजी टोपीकडं बघत राहिली.

मग साहेबांनी मालकांना सांगितलं की फाटक मी आज ताब्यात देणार नाही. सिंह खांबांवर बसवा, नाहीतर मला मोटर हळू करू द्या. मालकांना दोन्ही नको होतं. सिंह काढायचे तर पाहुण्यांसमोर नाक कापलं जाणार, आणि फाटक हळू केलं तर गाडी रस्त्यावर ताटकळणार. शब्दाला शब्द वाढला. मालक म्हणाले, पैसे माझे, फाटक माझं, पोरं माझी, तू कोण? साहेब सरळ फाटकाकडं गेले. मोटरपाशी बसले, चेन काढली, रुमालात गुंडाळली आणि आम्ही निघालो. मुलुंडच्या त्या उतारावरून गौतम हातात स्टूल घेऊन पुढं, चेनच्या ग्रीजनं माखलेले साहेब मध्ये, आणि मागं मी. वास्तुशांतीचं जेवण राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर आमची वाट लागली. गोदामांचं काम गेलं हे तर होतंच, पण मालकांनी आपल्या ओळखीत सगळीकडं सांगितलं की या माणसाची फाटकं चालत नाहीत आणि वर हा दादागिरी करतो. ट्रान्सपोर्टवाल्यांत बातमी ट्रकच्या वेगानं फिरते. पाऊस संपून दिवाळी येईपर्यंत गाळ्यात पुन्हा खिडक्यांची ग्रिलं होऊ लागली. दोन वेल्डर सोडून गेले. मला साहेबांनी सांगितलं, दुसरीकडं मिळालं तर बघा, मी मनाला लावून घेणार नाही. माझे वडील गिरणीत होते. संपानंतर त्यांची गिरणी परत सुरू झालीच नव्हती. घर माझ्यावर होतं, आणि दुसरीकडं कोण मला घेणार होतं? त्या दिवसांत मला साहेबांचा इतका राग यायचा की त्यांनी मागितलेली पट्टी मी टेबलावर आपटून द्यायची.

एका दुपारी मी बोललेच. गाळ्यात आम्ही दोघं आणि दाराशी गौतम. मी म्हटलं, साहेब, एक कोहळा फुटला म्हणून आपण सगळ्यांनी उपाशी मरायचं का? मूल मध्ये येईलच कशावरून? त्यांच्या घरात नोकर आहेत, वॉचमन आहे.

साहेबांनी आवाज चढवला नाही. कपाटातून मुलुंडचं ड्रॉइंग काढून माझ्यापुढं पसरलं. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेलं. शाई पुसता येत नाही, चूक झाली तर दाढीच्या ब्लेडनं हलकेच खरवडून काढायची असते. त्यांनी माझ्या डब्यातलं ब्लेड उचलून माझ्या हातात दिलं.

"ही पोर तुम्हीच काढलीत ना?" ते म्हणाले. "खरवडून काढा. मी आत्ता चेन घेऊन मुलुंडला जातो."

मी ब्लेड घेऊन वाकले. दोन वेण्या, गजाला धरलेली मूठ, आणि फाटकाच्या खालच्या पट्टीवर टेकवलेला एक पाय. तो पाय मी नेहमी तसाच काढत आले होते, कारण मी तसाच ठेवायची. कागदाला ब्लेड लावलं आणि हात हलेना. राग होता तसाच होता, रडूही आलं, पण ते नखाएवढं पोर काही मला खरवडता आलं नाही. साहेबांनी ब्लेड काढून घेतलं, डब्यात ठेवलं, आणि गौतमला चहा सांगायला पाठवलं.

म्हणजे मी शहाणी झाले असं नाही. दुसऱ्या दिवशीपासून मी जाहिराती बघायला लागले. पण पट्टी आपटणं मात्र थांबलं.

संक्रांत होऊन गेली होती. गाळ्यासमोर एक मोठी गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि मुलुंडची आजी उतरली, नऊवारी, पायात चपला, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला कोहळा. त्या कोहळ्याला लाल रंगाचं टोपडं घातलेलं होतं. गळ्याखाली बंद बांधतात तसे त्याचे बंदही तिनं नीट गाठ मारून बांधले होते. मी खुर्ची पुढं केली. ती बसली, कोहळा मांडीवर घेतला आणि साहेबांकडं बघू लागली.

तिनं सांगितलं ते असं, आम्ही चेन काढून आणल्यावर मालकांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं होतं. त्यानं मोठी मोटर बसवली, क्लच आवळून टाकला, आणि रबराची पट्टी दिसायला वाईट म्हणून काढून टाकली. फाटक झकास पळू लागलं, सिंहांसकट. सगळे खूश होते. आजीचा पणतू तेव्हा रांगत होता.

"आता चालाया लागलाय," आजी म्हणाली. "आमुशाला म्या कोहळा मधी ठिवला. तुमी ठिवलावता तसाच, स्टुलावर. त्येचं टोपडं घालून. वाचमनला म्हनलं, दाब बटन."

तिनं टोपड्यावरून हात फिरवला.

"न्हाई बघवलं, सायेब. टोपडं फाटलं. ह्ये दुसरं हाय."

गाळ्यात ग्राइंडर चालू होता, तो कुणीतरी बंद केला. आजीनं कोहळा उचलून साहेबांपुढं धरला. लेकाला आपण सांगितलंय, म्हणाली. सिंह खांबावर बसतील. तो चिडला आहे, पण फाटक तुम्ही म्हणाल तसं होईल. फक्त हा फुटता कामा नये.

साहेबांनी दोन्ही हातांनी कोहळा घेतला. तोलला. मग सवयीनं अंगठ्याचं नख सालीत रोवलं, आणि मान हलवली.

"आजी, ह्यो जून झालो," ते म्हणाले. "जून कोहळा फुटत नाय. त्यानं आपली फसवणूक होते. जरा कोवळो व्हयो."

मी तिथंच उठून मागच्या बाजूला गेले आणि तोंड धुतलं. या माणसावर मी किती महिने चिडले होते आणि हा माणूस अजूनही नखानं कोहळा बघत होता. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

काम पुरं व्हायला होळी उजाडली. सिंह खांबांवर चढले, आणि खरं सांगायचं तर तिथंच जास्त शोभले. या खेपेला साहेबांनी फाटक हळूही केलं, इतकं की मालक गाडीत बसून घड्याळ बघत. मोठी मोटर निघाली, क्लच सैल झाला, रबराची पट्टी परत आली, जुनी चेन साहेबांनी रुमालातून काढून लावली. चाचणीला पाहुणे नव्हते, भटजी नव्हता. आजी, सूनबाई, मालक लांब व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन, आणि आम्ही तिघं. कोहळा साहेबांनीच अंधेरीहून आणला होता, भाजीवाल्याच्या शिव्या खाऊन. आजीनं त्याला ते लाल टोपडं स्वतः घातलं आणि स्टुलावर ठेवला. हळदकुंकू आणलं नव्हतं.

साहेबांनी बटण दाबलं. फाटक आलं, आपल्या चालीनं. टोपड्याला टेकलं, थांबलं, आणि हातभर मागं गेलं.

आजीनं टोपडं सोडून कोहळा सगळीकडून फिरवून पाहिला. कुठं ओरखडा नव्हता. व्हरांड्यातलं वर्तमानपत्र खाली आलं होतं. मालक पायऱ्या उतरून आले, साहेबांच्या शेजारी उभे राहिले आणि फाटकाकडं बघत म्हणाले, गोदामांचं बघायला कधी येता? साहेब म्हणाले, स्टूल घेऊन येतो.

निघताना साहेबांनी नेहमीप्रमाणं कोहळ्यासाठी हात पुढं केला आणि माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, ह्यांची आई वड्या छान करते. आजीनं कोहळा पदराखाली घेतला. म्हणाली, ह्यो न्हाई मिळायचा. दारावर बांधायचाय. आपल्याकडं दृष्टीसाठी अख्खा कोहळा दारावर टांगायचीही रीत आहेच, ती इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला आठवली नव्हती.

मी घरी पोचले तेव्हा आई वाटाणे निवडत होती. तिनं माझ्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं आणि परत ताटात बघू लागली. मुलुंडचं काम म्हणजे काय हे तिला चांगलं माहीत होतं.

"असू दे," ती म्हणाली. "दुसरी मिळेल नोकरी."

"पास झालं, आई," मी म्हटलं. "कोहळा त्यांनी ठेवून घेतला."

तिला पटेना. पुन्हा एकदा पिशवी उघडून आत बघितली. मग वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं, उठली, आणि कोहळा नव्हता म्हणून नारळाच्या वड्या करायला घेतल्या.